दुसऱ्याच्या जाळ्यातलं

"कौतिकाबाई, पुतण्याचं काही जुळलं नाही," डॉक्टर पिंपळापुरे म्हणाले. वाईट बातमी सांगताना ते चष्मा काढून हातात धरायचे, तसा तो त्यांनी धरला होता.

मी म्हटलं, पूर्ण नसेल तर नसो, अर्धं तरी जुळलं असेल ना? तर ते म्हणाले, "अर्धंही नाही. तुमच्याकडचं त्याच्यात यायचा प्रश्नच नव्हता, पण हेमराजकडचंही काही नाही. चुलत भावंडांचं असंच होतं, बाई. मी आधीच बोललो होतो, तुम्हीच हट्ट धरला."

मी खुर्चीची कड घट्ट धरून बसून राहिले. डॉक्टरांना वाटलं बाईला धक्का बसला, म्हणून त्यांनी पाणी मागवलं. धक्का बसलाच होता, पण त्यांना वाटला तो नव्हे.

चुलत भावंडांचं तसं होत असेल. पण लोकेश आचलचा चुलत भाऊ होता तो फक्त नावापुरता. त्याला पोटात मी वागवला होता, आणि त्याचा बाप हेमराजच, माझा नवरा. डॉक्टरांनीच मागं मला कागदावर चित्र काढून शिकवलं होतं की कुठल्याही लेकरात अर्धं आईचं असतं नि अर्धं बापाचं. मग लोकेशमध्ये आमच्या दोघांचं काहीच नाही, हे व्हावं कसं? दवाखान्यात पोर बदललं म्हणावं, तर तो आमच्या घरातच, सुईणीच्या हातावर झालेला. मग उरलं एकच. नळीत भरून आलेलं रक्त लोकेशचं नव्हतंच.

आणि हे डॉक्टरांना सांगायची मला सोय नव्हती. मी "बरं" म्हणाले, बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या नळाखाली तोंड धरलं.

आम्ही वलथरे, गोंदियाकडच्या डोंगरटोल्याचे ढीवर. तलावावर जगणारी माणसं. मासोळी धरायची, मी ती बाजारात नेऊन विकायची. तोंडाची मी फटकळच, बाजारात बसणारीला तसं असावंच लागतं. पण नागपूरच्या त्या दवाखान्यात माझं तोंड पार बंद झालं होतं.

आचल माझी धाकटी, तेव्हा नऊ वर्षांची. तिला सिकल होता. आमच्याकडं हा आजार घराघरात माहीत आहे. रक्तातल्या गोल पेशी वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मग लेकरू हाडं ठणकून ठणकून गुरासारखं ओरडतं. ते आम्ही निभावत होतो. पण त्या वर्षी शाळेत तिच्या डाव्या हातातून वस्तू पडायला लागल्या. पाठ असलेले पाढे विसरायला लागली. मास्तर म्हणाले, पोरीचं लक्ष नाही. मीही दोन धपाटे घातले. मग नागपूरला तिच्या डोक्याचं एमआरआय काढलं, तेव्हा डॉक्टरांनी ते उजेडावर धरून मला मेंदूत बारीक पांढरे ठिपके दाखवले. प्रत्येक ठिपक्याजागी रक्त अडकून तेवढा मेंदू मेला होता, आणि पोरीला, आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. डोक्याच्या सोनोग्राफीत नसा आवळलेल्या निघाल्या. पुढचा झटका मोठा येणार, म्हणाले. वाचा जाईल, अंग जाईल, नाहीतर ती जाईल.

मी विचारलं, आमच्याच लोकांना हे का? डॉक्टर चांगला माणूस, बसवून समजावून सांगायचा. म्हणाले, तुमच्या मुलखात तलाव, जंगल, डास. पिढ्यान्‌पिढ्या हिवतापानं माणसं मरत आली. ज्यांच्या रक्तात हा गुण एकाच बाजूनं आला, आईकडून नाहीतर बापाकडून, त्यांना हिवताप मारू शकला नाही. ती जगली, त्यांना पोरं झाली, म्हणून गुण टिकला. दोन्ही बाजूंनी आला की मात्र आजार होतो. "याच गुणानं तुमचे पूर्वज वाचले, बाई," ते म्हणाले. मला असा संताप आला म्हणून सांगू. वाचले ना ते म्हातारे? सुखानं तंबाखू खाऊन मेले. आणि भोगायचं माझ्या पोरीनं?

यावर पक्का उपाय एकच होता. सख्ख्या भावाबहिणीच्या हाडातला मगज तिला द्यायचा, पण तो तंतोतंत जुळायला हवा. खर्चाचं सरकारी योजनेतून होत होतं. माझ्या मोठीचं, कांचनचं रक्त तपासलं, नाही जुळलं. डॉक्टर म्हणाले, आणखी भावंड? मी म्हटलं, नाही. पण पुतण्या आहे माझ्या जावेचा, त्याचं घ्याच. ते म्हणाले उपयोग नाही. मी त्यांच्या दारातून हललेच नाही, तेव्हा वैतागून त्यांनी होकार दिला. मी आचलजवळ नागपुरात, म्हणून लोकेशचं रक्त तालुक्याच्या दवाखान्यात घ्यायचं ठरलं. त्याला तिथं घेऊन गेली माझी थोरली जाऊ, फुलवंताबाई.

आता या बाईचं सांगते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला जाळं विणता येत नव्हतं, मासोळी साफ करताना बोटं कापायची. हिनं मला सगळं शिकवलं, सासूच्या बोलण्यापासून मला पाठीशी घातलं. तिची मात्र कूस उजवत नव्हती. पोटात राहायचं, पडायचं. शेवटचं तर पूर्ण दिवसांचं, मेलेलंच आलं. त्यानंतर ती तलावाच्या काठी जाऊन नुसती बसायची, आणि भाऊजी लांबून तिच्यावर नजर ठेवून असायचे. ते मला बघवेना. मला दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा मीच म्हटलं, बाई, हे तुमचं. पोरगा होवो की पोरगी. पोरगा झाला. सासू म्हणाली, आता कशाला देतेस? पण शब्द तो शब्द.

आमच्या घरात मूल ओटीत घालून देत नाहीत, जाळ्यात देतात. तलावाच्या काठावर घेणारीनं आपलं जाळं पसरायचं, देणारीनं लेकरू त्यात ठेवायचं, आणि घेणारीनं ते जाळ्यासकट उचलायचं. झालं. त्या घडीपासून ते तिचं, आणि टोल्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, त्या लेकरासमोर कुणी तो विषय काढत नाही. दुसऱ्याच्या जाळ्यातली मासोळी काढणं यापेक्षा नीच काम आमच्यात नाही. तसल्या माणसाच्या घरी कुणी पाणी पीत नाही. लेकराचंही तेच. देणारीनं पुन्हा त्याला 'माझं' म्हणायचं नाही, एकटीत नाही, झोपेत नाही. म्हटलं तर तलाव ते लेकरू घेतो. हसायचं त्यांनी हसावं. टोल्यावरची म्हातारी माणसं नावानिशी सांगायची, कुणाचं गेलं ते.

मी कधी म्हटलं नाही. मधल्या भिंतीपलीकडं तो वाढला, मला 'काकू' म्हणाला, हिला 'माय' म्हणाला. सिकलच्या दुखण्यात आचल ओरडायची तेव्हा फुलवंताबाई तिचे पाय मांडीवर घेऊन तासन्‌तास चोळायची आणि लोकेश बाजूला बसून तिला गोष्टी सांगायचा. बरं चाललं होतं सगळं.

तर त्या दिवशी हेमराजला आचलजवळ बसवून मी एसटी धरली आणि डोंगरटोल्याला आले. फुलवंताबाई अंगणात मासोळी साफ करत होती. लोकेश शाळेत. मला बघून तिचा हात विळीवर थांबला, आणि मी काही विचारायच्या आतच तिचा चेहरा पडला.

"कोणाचं रक्त दिलं, बाई?" मी म्हटलं.

ती लपवालपवी करणारी बाई नव्हे. सरळ म्हणाली, "माझ्या बहिणीच्या पोराचं. त्याले नाव सांगायले लावलं लोकेशचं."

मी तिच्यासमोर खाली बसले. मनात होतं की येऊन हिचं घर डोक्यावर घेईन, सगळा टोला गोळा करीन. पण तिच्याकडं बघून अंगातलं बळच गेलं. तिनं विळी बाजूला सारली. म्हणाली, रक्त जुळलं असतं तर डॉक्टरांनी सांगितलं असतं की हा सख्खा भाऊ. मग तुला विचारलं असतं, आणि पोरीसाठी तू म्हटलंच असतं. कुठली आई म्हणणार नाही? तू म्हटलं असतं आणि माझा लोकेश गेला असता. रात्री झोप नाही लागत मला, तिनं सांगितलं. आचलचे पाय डोळ्यांपुढं येतात. पण पोराला घेऊन दवाखान्याच्या पायरीवर गेले आणि पाऊलच उचलेना.

मी तिला समजावलं. हात मागत नाही, पाय मागत नाही. कमरेच्या हाडातून थोडा मगज काढतात, तो महिन्याभरात पुन्हा भरून येतो, पोराला काही होत नाही. ती नुसती मान हलवत राहिली. मग मी तिच्या पायावर डोकं ठेवलं, तर तिनं पाय ओढून घेतले.

"दोघांतून एक निवडायले नोको लावू मले, कौतिका."

"माझ्यापाशी तर निवडायलेही काही नाही, बाई. माझी पोरगी मरून राह्यली."

मासोळीवर माशा बसल्या होत्या, कुणी हाकलल्या नाहीत. शेवटी मीच म्हटलं की मी काही बोलणार नाही. तो पुतण्या म्हणून येईल, पुतण्या म्हणून मगज देईल, पुतण्या म्हणून परत जाईल. रक्तात काय दिसायचं ते डॉक्टरांना दिसू दे, पण माझ्या तोंडून तो शब्द निघणार नाही. उभं करून विचारलं तरी नाही.

"शपथ घे," ती म्हणाली.

मी आमच्या देवीची, मातामायची घेतली. ती म्हणाली, मातामायची नको. "आचलची घे."

मी घेतली. त्याला माझा म्हटलं तर आचल नाही वाचणार, असं माझ्याच तोंडानं बोलले. तेव्हा कुठं ती उठली आणि माशा हाकलल्या.

डॉक्टरांना मी सांगितलं की तालुक्याला घोळ झाला, भलत्याच पोराचं रक्त गेलं. ते चिडले, पण या खेपेला लोकेशचं रक्त त्यांनी स्वतःसमोर घेतलं. निकाल आला त्या दिवशी ते आपण होऊन वॉर्डात आले. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. पूर्ण जुळलं होतं, तंतोतंत. लोकेशमध्ये सिकलचा गुण एकाच बाजूनं आला होता, म्हणजे तो निरोगी, त्याचा मगज चालणार होता. हेमराज खाली वाकून त्यांच्या पाया पडायला लागला. मी रडले, फुलवंताबाई रडली, आचलला कळेना सगळे का रडताहेत.

मग डॉक्टरांचं हसू हळूहळू मावळलं. त्यांनी मला बघितलं, फुलवंताबाईला बघितलं, मग लोकेशला बघितलं, आणि चष्मा काढून हातात घेतला.

त्यांनी आम्हा मोठ्यांना बाहेर बोलावून सांगितलं की चुलत भाऊ असा जुळत नाही. तुमचं घरचं काय आहे ते मला नको, पण पोर अठराच्या आतलं आहे. त्याला भूल द्यायची तर एक समिती असते, ती आईबापाला विचारते, पोरालाही विचारते. खोट्या नात्यावर कुणाच्या लेकराच्या हाडात सुई घालता येत नाही. खरं सांगा, दुसरं काही नको. हेमराज काही बोलणार तोच मी त्याचा हात दाबला. डॉक्टर गेल्यावर तो माझ्यावर उखडला, शपथा कसल्या घेत बसतेस म्हणाला, मी सांगतो ना, मी बाप आहे. फुलवंताबाईनं ते ऐकलं आणि ती भिंतीला टेकून खालीच बसली. हेमराजही मग गप्प झाला. लहानपणी यानंही तलावाच्या त्या गोष्टी ऐकल्या होत्या, आणि देणाऱ्या बापालाही नियम तोच.

समिती बसायच्या आधीचे ते दिवस मी कसे काढले माझं मला माहीत. आचलचा हात हातात घेऊन बसायचे आणि तिच्या बोटांत जोर आहे का ते बघत राहायचे. बोलले तर शपथ मोडते, आचलवर येतं. नाही बोलले तर मगज नाही, आचलवर येतं. कुठूनही फिरा, शेवटी आचलच. देवाला म्हटलं, बाबा, मला तरी ने.

समिती म्हणजे एक अनोळखी डॉक्टर, एक साहेब, आणि आगाशे मॅडम म्हणून एक पिकल्या केसांच्या बाई. आम्हा दोघी जावांना, दोघा भावांना आणि लोकेशला एका लांब टेबलासमोर बसवलं. लोकेशनं शाळेचा स्वच्छ शर्ट घातला होता. फुलवंताबाईनं त्याचा हात आपल्या मांडीवर घट्ट धरून ठेवला होता. मॅडमनी आधी त्यालाच विचारलं की इथं कशाला आलास, कुणी जबरदस्ती केली का. तो म्हणाला की आचलला माझ्या हाडातलं द्यायचं आहे, ती चुलत बहीण आहे, दुखलं तरी चालेल. त्या हसल्या. त्यांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं.

"राहू द्या त्याले," फुलवंताबाई म्हणाली. का म्हणाली ते मला तेव्हा कळलं नाही.

मॅडमनी कागद बाजूला सारला आणि माझ्याकडं बघितलं. आवाज मऊ होता त्यांचा. "कौतिकाबाई, इथं तुम्हाला कुणी शिक्षा करणार नाही. फक्त सांगा. लोकेश तुमचा मुलगा आहे का?"

मी तोंड उघडलं. खरं सांगते, मी म्हणणारच होते. शपथ गेली खड्ड्यात, तलाव गेला खड्ड्यात, असं मनाशी म्हणून मी तोंड उघडलं आणि आचलचा डावा हात डोळ्यांपुढं आला. आवाज फुटेना. मॅडमनी पुन्हा विचारलं. हेमराज खुर्चीत चुळबुळला. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, खुलासा होत नसेल तर पुढच्या बैठकीत घेऊ. पुढची बैठक कधी, तोवर पोरगी राहील की नाही, कुणास ठाऊक. मी हात जोडले. दुसरं काही करताच येईना.

"तिले नोका विचारू," फुलवंताबाई म्हणाली. ती उभी राहिली होती. "ती नाही सांगणार. तिच्या तोंडाले कुलूप मी लावलं हाय. मले विचारा. याले जन्म मी नाही दिला. तिनं दिला. मी जाळ्यातून उचलला."

तिनं एका दमात सगळं सांगितलं, मेलेल्या बाळापासून ते बहिणीच्या पोरापर्यंत. माझ्याकडं बघितलं नाही, समितीकडं बघितलं नाही. लोकेशकडं बघून बोलत होती. शेवटी म्हणाली, "देणारीनं म्हणू नये असं हाय आमच्यात. घेणारीनं सांगू नये असं कोणी नाही सांगितलं. मी लय डोकं लावलं, साहेब, मले एवढंच सापडलं."

लोकेशनं आपला हात तिच्या हातातून काढून घेतला. सावकाश काढला आणि स्वतःच्या खिशात घातला. बारा वर्षांचं पोर. तिचा हात तसाच उघडा राहिला.

मॅडमनी त्याला पाणी दिलं. मग म्हणाल्या, बाळा, आता पुन्हा विचारते, तू नाही म्हणालास तरी कुणी रागावणार नाही.

"आचल बरी होईल ना?" त्यानं विचारलं. डॉक्टर म्हणाले, खात्री देता येत नाही, पण आशा चांगली आहे.

"मंग घ्या," तो म्हणाला. आमच्यापैकी कुणाकडंही न बघता तो दार उघडून बाहेर गेला.

त्यानंतरच्या दिवसांत तो जेवला, तपासण्या करून घेतल्या, आचलला तिच्या वेगळ्या खोलीच्या काचेतून हात हलवला. पण फुलवंताबाईशी एक शब्द बोलला नाही. ती डबा पुढं करायची, तो घ्यायचा आणि दुसरीकडं तोंड करून खायचा. तिला 'माय' अशी हाक मारली नाही, मलाही कसली हाक मारली नाही. ती व्हरांड्यात जिथं बसायची तिथून उठायचीच नाही. टोल्यावर परत गेलेले भाऊजी पुन्हा आले, तिला म्हणाले चल घरी, तर म्हणाली, कोणाच्या घरी? मेलेलं बाळ झालं तेव्हा तलावाकाठी बसायची तसेच डोळे झाले होते तिचे.

ज्या दिवशी मगज काढला त्या दिवशी संध्याकाळी मी लोकेशच्या खाटेजवळ बसले होते. भूल उतरली होती, कंबर दुखत होती त्याची, पालथा झोपला होता. आचलला पिशवी लावली होती, सलाइनसारखी, लालभडक, आणि हेमराज तिथं काचेबाहेर उभा होता. फुलवंताबाई चहा आणायला खाली गेली होती.

लोकेश उशीत तोंड घालून म्हणाला, "काकू."

मी म्हटलं, काय रे, दुखतं का?

"मले जाळ्यात ठेवलं, तवा तू रडली होती का?"

मला तो दिवस समोर दिसला. आमचं तलावाचं पाणी, उन्हात पसरलेलं जाळं, आणि त्यात तो, मुठी आवळून. मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. दूध थांबेना, लुगड्याच्या पट्ट्यांनी छाती आवळून बांधली तरी थांबेना. भिंतीपलीकडं तो रडायचा आणि अलीकडं माझी चोळी भिजायची. मी तोंडात पदर कोंबून रडायचे, म्हणजे तिला ऐकू जाऊ नये. कांचनला सांभाळायची शुद्ध नव्हती मला. हेमराज मला माहेरी सोडून आला, तेव्हा कुठं मी जगले.

हे सगळं माझ्या जिभेवर आलं. बारा वर्षांत कुणी मला हे विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं ते त्यानं. तो मान वळवून माझ्याकडं बघत होता. डोळे माझ्या बापासारखे आहेत त्याचे. रडले म्हटलं असतं तर त्यानं माझा हात धरला असता, एवढं मला दिसत होतं.

तेवढ्यात माझी नजर खाली गेली. खाटेभोवतीच्या हिरव्या पडद्याखाली फुलवंताबाईचे पाय दिसत होते. चहाची किटली हातात असणार. ती आत येत नव्हती आणि जातही नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

"थोडंसंही नाही?"

"कायले रडन? घरातल्या घरात तर दिला तुले. रडली ती. तुले उचलून घेतलं आणि ऊर फुटेस्तोवर रडली, सगळ्या टोल्यानं पाह्यलं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी तोंड अगदी कोरडं ठेवलं. बाजारात गिऱ्हाईक उलटून बोललं की ठेवते तसं. त्याच्या डोळ्यांत जे माझ्यासाठी उघडलं होतं ते मला बंद होताना दिसलं, आणि मी ते होऊ दिलं. त्यानं मान फिरवली.

"माय," त्यानं पडद्याकडं बघून हाक मारली. "चहा आणला का?"

पडदा सरकला. फुलवंताबाई आत आली, तिनं किटली खाली ठेवली आणि त्याच्या पाठीवर तोंड ठेवून ती अशी रडली की शेजारच्या खाटेवरची माणसं उठून बसली. त्यानं हात मागं नेऊन तिच्या डोक्यावर ठेवला. मी उठून आचलकडं गेले.

याला आता बरीच वर्षं झाली. आचलच्या शरीरात लोकेशचं रक्त धरलं. डावा हात थोडा कच्चाच राहिला, पाढे काही परत आले नाहीत, पण नवीन ठिपका एकही उठला नाही, आणि हाडांचं ओरडणं कायमचं थांबलं. तिचं लग्न ठरवताना मी मुलाचं रक्त आधी तपासून घेतलं, लोक काय म्हणायचे ते म्हणाले. लोकेश भंडाऱ्याला नोकरी करतो. फुलवंताबाई त्याच्याजवळ असते, थकली आता, तो तिला फुलासारखी जपतो. बहिणीकडं सणावाराला येतो, तिच्या पोरांना खांद्यावर घेऊन फिरतो.

माझ्याशी मात्र तो फारसा बोलत नाही. समोर आला तर 'काकू, बरी आहेस ना' एवढं विचारतो आणि उत्तराला थांबत नाही. पोर देताना जिच्या डोळ्यांतून टिपूस आला नाही, तिच्याशी काय बोलायचं? बरोबरच आहे त्याचं.